भिंतीपलीकडचं बियाणं

चूक माझी असली की मला जास्त राग येतो, हा माझा जुना स्वभाव आहे. त्यामुळे जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाचं ते पत्र आलं तेव्हा मी दोन दिवस सगळ्या जगावर डाफरत होते. पत्र साधं होतं. दातांच्या दवाखान्यातलं एक्स-रे यंत्र छोटं असलं तरी किरणं सोडतंच, तेव्हा त्याची रीतसर नोंदणी करून घ्यावी, नाहीतर यंत्राला सील लावण्यात येईल. सावली या तालुक्याच्या गावात दवाखाना सुरू करून मला सात वर्षं झाली होती. यंत्र पहिल्या दिवसापासून भिंतीवर होतं आणि नोंदणी करायचं मी पहिल्या दिवसापासून उद्यावर ढकलत होते.

यंत्राला सील लागणं म्हणजे दवाखान्याला कुलूप लागण्यासारखंच. एक्स-रेशिवाय दाताच्या मुळाचं काम करायचं म्हणजे अंदाजपंचे. मग पेशंटला गडचिरोलीला नाहीतर चंद्रपूरला पाठवावं लागलं असतं, आणि माझे अर्धे पेशंट असे की सावलीच्या पलीकडे दातासाठी जाण्यापेक्षा त्यांनी दातावर तंबाखू दाबून जन्म काढला असता. ते काही मला होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून तिसऱ्या दिवशी राग आवरला, संगणक उघडला आणि अर्ज भरायला बसले.

अर्ज लांबलचक होता. खोली किती लांब, किती रुंद, दार कुठे उघडतं, शिशाचा कोट आहे का, तो कुठे टांगता. इथपर्यंत ठीक होतं. मग एक रकाना आला: यंत्राच्या समोरची भिंत कशाची आहे, किती जाडीची आहे, आणि तिच्या पलीकडे काय आहे?

पलीकडे काय आहे ते मला माहीत होतं. माझी खोली म्हणजे घरमालक भाऊंच्या घराचा रस्त्याकडचा भाग. भिंतीपलीकडे त्यांचं धानाचं कोठार होतं. भाऊ सत्तरीचे, धोतर, टोपी, आवाज खणखणीत. एका जुन्या बारीक धानाचं बियाणं ते पिढीजात सांभाळून होते आणि अर्ध्या गावाचे परे, म्हणजे धानाची रोपं, दरवर्षी त्यांच्याच बियाण्याचे पडत. त्या बियाण्याची ढोली, म्हणजे शेणानं सारवलेली बांबूची मोठी कणगी, अगदी माझ्या भिंतीला चिकटून होती. मी रकान्यात लिहिलं, 'पलीकडे: धान.' भिंतीपुढे लिहिलं, 'वीट.'

यंत्राची तपासणी करून अहवाल द्यायला एक तंत्रज्ञ आला. त्यानं यंत्र तपासलं, ते ठीक निघालं. मग त्यानं समोरच्या भिंतीवर बोटांनी ठोकून पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. पुन्हा ठोकलं. कान लावला. माझी परवानगी घेऊन कोपऱ्यात बारीकसं भोक पाडलं. आधी सिमेंट आलं, मग माती आली, आणि मग बांबूची एक चिपाटी बाहेर आली.

मी भाऊंना हाक मारली. ते आले, चिपाटी हातात घेऊन त्यांनी ती प्रेमानं पाहिली.

"भाऊ, ही भिंत विटेची नाही?"

"वीट कायले पायजे? कुड हाय जी. माह्या बापानं बांधला. वरतून सिमेंट मी मारलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सात साल झाले, तुमाले समजलं का? सांगा!"

समजलं नव्हतं, हे खरं होतं. तंत्रज्ञ मात्र स्पष्ट म्हणाला की त्या बाजूनं नऊ इंची विटेची भिंत उभी राहिली तरच तो तसा अहवाल देईल. भिंत कोठाराच्या आतून बांधावी लागणार होती, म्हणजे भाऊंची परवानगी हवी. माझा हेका असा की माणसाला कारण पटवून दिलं की तो नाही म्हणत नाही. म्हणून मी भाऊंना बाकावर बसवलं आणि किरणांवर एक छोटंसं व्याख्यान दिलं. किरणं कशी सरळ जातात, शिसं त्यांना कसं अडवतं, वीट कशी अडवते आणि माती-बांबूचा कुड तेवढं का अडवू शकत नाही. भाषण चांगलं झालं. माझी मदतनीस, जंगलातल्या एका गावातून येऊन इथे राहिलेली चाळिशीची बाई, दारात उभी राहून डोळ्यांनी मला थांब थांब म्हणत होती. मी थांबले नाही.

भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंजे आतापरेंत पारच जाऊन राह्यले ते किरण?"

"थोडे. अगदी थोडे."

"माह्या ढोलीत."

"हो, पण त्यानं काही..."

भाऊ उठले आणि कोठारात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत धान होतं. "मॅडम, बिजाई मेली असन तं माह्यी इज्जत गेली. लोकं मृगात परे टाकतेत. कोनाचं उगवलं नाई तं मी कोनाले तोंड दाखवू? भिंतीचं मंग पाहू. बिजाई मेली असन तं पयले खोली खाली करा."

मी चिडून म्हणाले, "भाऊ, सात वर्षं तुमचं बियाणं उगवतंय ना? आणि बियाणं तर दरवर्षी नवं असतं!"

"ढोली तं तेच हाय," भाऊ म्हणाले.

मी दंतवैद्यकात पदवी घेतलेली, त्यांना किरणांची मात्रा समजावून सांगू लागले. त्यांनी मला मध्येच थांबवून विचारलं, "तुमाले धानातलं समजते का?" मी म्हणाले, नाही. "मंग," भाऊ म्हणाले आणि चर्चा संपली.

धानाच्या मुलखात बियाण्याबद्दल शंका आली की वाद घालत नाहीत, उगवून पाहतात. भाऊंनी माझ्या भिंतीकडच्या ढोलीतून शंभर दाणे मोजून घेतले. कोठाराच्या दुसऱ्या टोकाला त्याच धानाचं एक पोतं होतं, त्यातून शंभर घेतले. दोन्ही वेगवेगळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळले, वर गवत ठेवलं आणि माझ्या दवाखान्याच्या मागच्या पडवीत ठेवून दिले. माझ्याकडे का, तर ज्याच्यावर आळ आहे त्याच्याच डोळ्यांसमोर निकाल लागावा म्हणून.

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कॉलेजातल्या कुठल्या परीक्षेची मी एवढी धास्ती घेतली नव्हती. दर तासाला पडवीत जाऊन गोणपाटाला हात लावायचे, पाणी शिंपडायचे, परत यायचे. डोक्यानं मला पक्कं माहीत होतं की दाताच्या एक्स-रेनं धान मरत नाही. पण समजा बियाणं दुसऱ्याच कशानं बिघडलेलं असेल तर? कीड, ओल, उंदीर, काहीही. दोष माझ्याच यंत्राचा ठरला असता.

"मॅडम, उबवता का त्याले?" मदतनीस म्हणाली. "तुमी बसल्यानं पिल्लं निंघनार नाई."

ती स्वतः त्या काळात वेगळ्याच मोहिमेवर होती. अर्जासोबत दारावर पाटी लावायची होती की स्त्री गर्भवती असेल तर तिनं आधी सांगावं. पाटी लागली, पण वाचणारे थोडे, म्हणून मदतनीसनं ती जबाबदारी तोंडी घेतली. दारातून येणाऱ्या प्रत्येक बाईला ती विचारायची, "दिवस गेले का जी?" कवळी बसवून घ्यायला आलेल्या एका आजीबाईला तिनं तेच विचारलं. आजीबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "माहे सारेच दिवस गेले वं पोरी, आता कायले विचारतं?" मी मदतनीसला समजावलं की जरा वय पाहून विचारावं. "नियम मंजे नियम," ती म्हणाली. दवाखान्यात एकाला तरी नियम पाळायची हौस होती, याचं मला समाधान वाटायला हवं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी भाऊ पितळेचं ताट घेऊन आले. गोणपाटं उघडली. पांढरे मोड आलेले दाणे त्यांनी ताटात ओतले आणि बाकावर बसलेल्या पेशंटांच्या साक्षीनं मोजायला सुरुवात केली. कोणीतरी मध्येच बोललं की भाऊ त्याला हातानं गप्प करत आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत. शेवटी निकाल लागला. दुसऱ्या टोकाच्या पोत्यातले शंभरपैकी सत्त्याऐंशी उगवले होते. माझ्या भिंतीकडचे चौऱ्याण्णव.

मी इतकी खूश झाले की भाऊंच्या पाया पडले. भाऊंनी तिथल्या तिथे संमतीच्या कागदावर सही केली आणि दुपारी गवंड्याला बोलावणं धाडलं. आठवड्यात नऊ इंची भिंत कोठारात उभी राहिली. तंत्रज्ञाचा अहवाल आला, मी अर्ज पाठवून दिला. आता फक्त तपासणीसाठी साहेब यायचे बाकी होते.

एवढ्यावर सगळं सरळ मिटलं असतं. पण भाऊ निकाल गावभर सांगताना 'किरणांनी काही बिघडलं नाही' असं सांगतच नव्हते. ते सांगत होते, "किरनाकडचं जास्त उगवलं." मी त्यांना गाठून सांगितलं की सात दाण्यांचा फरक असाच पडू शकतो, पुन्हा मोजलं तर उलटाही पडेल. भाऊ हसले. "तुमी लाजून राह्यल्या," ते म्हणाले. त्या आठवड्याच्या बाजारात ही बातमी भाजीबरोबर घरोघर गेली.

मग सावली तालुक्यात दातदुखीची साथ आली. पेरणीच्या तोंडावर, जेव्हा कोणाला मरायलाही फुरसत नसते, तेव्हा माझ्या बाकावर जागा मिळेना. प्रत्येकाच्या मांडीवर एक गठोडं. पहिले दोन-तीन दिवस मला कळलंच नाही. एका बाईच्या अंगावर मी शिशाचा कोट घालायला गेले तर तिनं मांडीवरचं गठोडं कोटाच्या वर काढून ठेवलं.

"मले झाका जी," ती म्हणाली, "त्याले उघडं ठेवा."

मी गठोडं सोडून पाहिलं. धान होतं. आत एका फडक्यात थोडी तूर वेगळी बांधलेली होती, आलोच आहोत तर म्हणून. तिचा दात ठोकून पाहिला, तो माझ्या दातापेक्षा धड होता. मी अशी काही भडकले की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. गरज नसताना माणसाचासुद्धा एक्स-रे काढायचा नसतो, आणि ही मंडळी माझ्या यंत्रातून तूर काढून घ्यायला निघालेली. एकही फोटो न काढता मी त्या दिवशी सगळा बाक परत पाठवला. दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावली: 'इथे फक्त माणसांच्या दातांचे एक्स-रे काढले जातात.' लोक पाटी वाचायचे, मान डोलवायचे आणि गालावर हात ठेवून म्हणायचे, "दात दुखते जी."

आणि अशाच एका सकाळी, बाकावर अकरा गठोडी बसलेली असताना, तपासणीचे साहेब नागपूरहून आले.

साहेब तरुण होते, मोजकं बोलणारे. दारातच त्यांनी पाटी वाचली आणि मला विचारलं, "बाकी कशाचे काढत होता?"

मी जे घडलं ते सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत, पण वहीत काहीतरी लिहिताना त्यांना मिशी दोनदा पुसावी लागली. मग त्यांनी काम सुरू केलं. दार पाहिलं, पाट्या पाहिल्या. मदतनीसनं त्यांना शिशाचा कोट दाखवला. घडी घातली तर आतलं शिसं तडकतं, म्हणून तिनं तो बांबूच्या दांडीवर सरळ टांगलेला होता. साहेबांनी मान हलवली. मग भिंत. भाऊ केव्हाच येऊन उभे होते. त्यांनी बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी भिंतीवर थाप मारली आणि म्हणाले, "नऊ इंच. मोजून घ्या." साहेबांनी खरंच मोजली. सगळं नीट चाललं होतं. माझ्या मनात नोंदणीचा कागद चौकटीत बसून भिंतीवर लागलासुद्धा होता.

"सेन्सर तोंडात कोण धरतं?" साहेबांनी विचारलं.

सेन्सर म्हणजे दोन बोटं रुंदीची जाडसर पट्टी, दातामागे ठेवायची, म्हणजे तिच्यावर फोटो उमटतो. ती धरायला एक प्लॅस्टिकचा होल्डर असतो, पेशंटनं तो दातात चावून धरायचा. डॉक्टरनं हात लावायचा नाही, कारण किरणं नेमकी तिथेच येतात. माझा होल्डर खणात होता, पिशवीतून न काढलेला. होल्डर तोंडात घातला की म्हाताऱ्या माणसांना ओकारी यायची, ती घाबरायची, उठून जायची. माझं बोट असलं की गप्प बसायची. शिवाय काम लवकर व्हायचं. मी पहिल्या वर्षापासून बोटानंच धरत आले होते.

मी 'होल्डर' म्हणणार होते. हे मी इथे कबूल करते. तोंड उघडलंही होतं. पण माझ्याआधी भाऊ बोलले.

"मॅडम सोता धरते जी!" त्यांचा आवाज अभिमानानं भरून आला होता. "म्हाताऱ्या मानसाचा हात कापते ना, तं आपलं बोट टाकते तोंडात. असा डॉक्टर चंद्रपुरात भेटन का तुमाले?"

साहेबांचं पेन वहीवर टेकलं. बाकावर जान आली. आपल्या डॉक्टरबाईला चांगले गुण मिळावेत म्हणून एकेक जण पुढे सरसावला.

"माह्या वक्ताले बी तिनंच धरलं."

"आमच्या बुढ्यानं तं चावलं बी, तरी सोडलं नाई तिनं."

"माह्या सुनेचं धरलं, माहं धरलं, माह्या भासऱ्याचं धरलं."

साहेब लिहीत होते. मी डोळ्यांनी मदतनीसला विनवलं की आता तू तरी काहीतरी कर. तिनं समजल्यासारखी मान हलवली आणि पुढे येऊन म्हणाली, "दिवसातून पाच-सहा डाव तरी धरते, साहेब. कंटाळा नाई करत."

माझ्यावर एवढं प्रेम करणारी माणसं आहेत हे मला त्या सकाळी कळलं, आणि त्या प्रेमापायीच माझं यंत्र जाणार हेही कळलं. मला एकाच वेळी रडू येत होतं आणि सगळ्यांना हाकलून द्यावंसं वाटत होतं.

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. ते माझ्याशी बोलतील असं वाटलं, पण ते बाकाकडे वळले. अगदी साध्या शब्दांत त्यांनी सांगितलं की पेशंटचा फोटो कधीतरी एकदा निघतो, त्यात त्याचं काही बिघडत नाही. पण डॉक्टरचं बोट दर वेळी त्याच किरणांत असतं. आज पाच वेळा, उद्या पाच वेळा, अशी सात वर्षं. एका दिवसात काही दिसत नाही. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो, काहींना बोटं गमवावी लागली आहेत.

गठोड्यांवरचे हात तसेच राहिले. मी माझा उजवा हात अंगातल्या पांढऱ्या कोटाच्या खिशात घातला. का घातला ते मला सांगता येणार नाही.

भाऊ बराच वेळ माझ्या खिशाकडे पाहत होते. "शंभर दाने मोजले मी," ते हळूच म्हणाले. "भिंत बांधली. अन् हे पोरगी अलीकडं उभी होती, तं कोनी पाह्यलंच नाई."

"अजून काही झालेलं नाही," साहेब म्हणाले. "होऊ नये म्हणूनच नियम आहे." मग माझ्याकडे वळले. "बाकी सगळं ठीक आहे. होल्डरनं आणि दाराबाहेरून काढत असाल तर मी नोंदणीची शिफारस करतो. खरोखर गरज असलेला पेशंट आहे का? एक काढून दाखवा."

अकरा जणांत गरज कोणालाच नव्हती. गरज भाऊंना होती. त्यांची दाढ महिनाभर ठणकत होती आणि गाल सुजलेला होता, पण पेरणी होईपर्यंत ते खुर्चीत बसायला तयार नव्हते. ते सरळ खुर्चीत जाऊन बसले. मदतनीसनं त्यांच्या अंगावर कोट घातला. मी होल्डरची पिशवी फाडली, सेन्सर बसवला आणि त्यांच्या दाढेमागे ठेवला. त्यांना लगेच उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं, होल्डर सुटला. पुन्हा ठेवला. पुन्हा सुटला. साहेब दारातून पाहत होते. नोंदणी डोळ्यांदेखत निसटत चालली होती आणि सात वर्षांच्या सवयीनं माझं बोट आपोआप त्यांच्या तोंडाकडे गेलं.

भाऊंनी माझं मनगट पकडलं. त्यांची पकड सुटणारी नव्हती.

सात वर्षांत त्यांनी मला 'मॅडम' आणि 'तुमी' सोडून काही म्हटलं नव्हतं. "भायेर हो, बाई," ते म्हणाले. "मी पाहून घेतो माहं."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं होल्डर दातात घातला, डोळे घट्ट मिटले आणि खुर्चीचे हात धरून बसले.

मी बाहेर आले. पेशंटला खुर्चीत एकटं ठेवून बाहेर येण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. दाराबाहेरचं बटण दाबताना बाकावरचे अकराही जण माझ्याबरोबर श्वास रोखून उभे होते. यंत्र वाजलं. आत जाऊन पाहिलं तर फोटो स्वच्छ आला होता, दाढेच्या तिन्ही मुळांसकट. भाऊ डोळे मिटून तसेच बसले होते, गालांवरून पाणी ओघळत होतं.

साहेबांनी वहीत शेवटची ओळ लिहिली आणि सही केली. नोंदणीचा कागद महिनाभरात आला. आता पेशंट खुर्चीत बसतो, होल्डर हातात घेतो आणि आधी माझ्याकडे पाहतो. मी दाराबाहेर गेल्याशिवाय सावलीत कोणी तोंड उघडत नाही.